सभासद नंबर सदतीस

१६ जुलै, बुधवार. सकाळी सव्वासात. जागा: नदीकाठचं मोटरहाऊस.

हजर: चेअरमन, सेक्रेटरी, पाटकरी, नदीकाठचे सभासद सोळा, मधल्या शिवारातले सव्वीस, माळाकडचे वीस, त्या विसांतच मी. चेनपुली एक, जाड दोरखंडाचे सोल दोन, चहाची किटली एक.

गैरहजर: सेक्रेटरींच्या वहीप्रमाणे कुणीच नाही. माझ्या वहीप्रमाणे चौदा, कारण ते वारले आहेत.

ही नोंद मी त्याच दिवशी कामावर पोचल्यावर केली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी स्टोअर बघते. कोणती वस्तू कुठल्या फळीवर आहे, कुणी नेली आणि परत कधी आणणार, हे मला विचारलं जातं आणि मला सांगता येतं. त्यामुळं गावातही लोक मला याद्या करायला सांगतात. त्या सकाळी चौदा माणसं कुठल्या फळीवर ठेवायची हे मला कळेना, एवढंच.

आमची संस्था सहकारी आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी गावातल्या शेतकऱ्यांनी नदीचं पाणी वर उचलायला ती काढली. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं माळावर स्वतःचं सोलर बसवलं. तेव्हापासून नदीवरच्या मोटरा दिवसा आमच्याच विजेवर चालतात. माळावरून नदीपर्यंतचे खांब आमचे, तारा आमच्या. उरलेल्या विजेवर संस्थेची पिठाची गिरणी चालते. कंपनी नाही, मालक नाही. मालक कोण असं विचारलं तर चौसष्ट शेअर आणि चौसष्ट सभासद. पगारी माणूस एकच, पाटकरी. मोटर चालू-बंद करायची, पाळीप्रमाणे पाणी फिरवायचं, तार तुटली की जोडायची, सगळं तोच.

जुलैत नदी चढायला लागली की मोटरा वर काढाव्या लागतात. नाहीतर पुराच्या पाण्यात बुडतात. त्या दिवशी प्रत्येक शेअरमागे एक माणूस यायचाच असा नियम आहे. हजेरी होते. जो येणार नाही त्याची पाण्याची पाळी वर्षभर सगळ्यांच्या शेवटी. म्हणून सगळे येतात. आणि हजेरी रजिस्टरवरून होते, रजिस्टरात नावं जुनीच आहेत, त्यामुळं वारलेल्यांची नावंही पुकारली जातात आणि त्यांच्या घरचं कुणीतरी "हाय" म्हणतं.

"नंबर बारा," असं म्हणून सेक्रेटरींनी नाव घेतलं.

"हाय," नातू म्हणाला.

"तुझा आज्जा मागच्या सालीबी येळंवर आलता," मागून कुणीतरी म्हणालं. "लई शिस्तीचा माणूस."

"तुजा बा तर चहा झाल्यावर येतोय दर साली," नातवानं परतवलं. मागून बोलणाऱ्याचाही बाप वारलेला आहे. सगळे हसले आणि सेक्रेटरी पुढच्या नंबरवर गेले.

सदतीस नंबरला माझ्या सासऱ्यांचं नाव आलं आणि मी "हाय" म्हणाले. अकरा वर्षं म्हणते आहे. नवऱ्याचं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान आहे, तो आठवड्यातले पाच दिवस तिथंच असतो. दीर पुण्यात. शेत मीच बघते.

मोटरा वर आल्या. स्टार्टर आणि पॅनेल ट्रॅक्टरमधून शाळेच्या व्हरांड्यात गेलं. चहा पिताना चेअरमन माझ्याजवळ आले.

"वैनी, एक काम हाय. सभासद असण्याचे फायदे, असा एक कागद लिवून द्या. पुढच्या महिन्यात मीटिंग हाय न्हवं, त्याच्या आदी बोर्डावर लावतो."

"किती मुद्दे?"

"धा तरी करा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मीटिंग कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. नदीकाठच्या सभासदांना संस्था बंद करून हवी होती. आता प्रत्येकाला आपापला सोलर पंप घेता येतो. ज्याच्या बांधाला नदी लागलेली आहे त्याला पाळीची वाट बघायची गरज नाही, बटण दाबलं की पाणी. पण आमचं शेत माळाकडं आहे, पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. तिथं विहीर खोदली तर कातळ लागतो. पस्तीस गुंठे ऊस आहे. संस्था बंद झाली तर त्याला पाणी कुठून, याचं उत्तर माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. म्हणून कागद लिहायला मी लगेच हो म्हणाले. मनात आलं, हे तर सोपं आहे.

रविवारी वही घेऊन निघाले. पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडं फायदे, उजवीकडं तोटे. तोटेही लिहायचे, म्हणजे उत्तर तयार ठेवता येतं.

पहिल्यांदा गेले ते नदीकाठच्या एका भाऊजींकडं. नात्यानं लांबचे दीर लागतात आणि संस्था बंद करायची म्हणणाऱ्यांत पुढं तेच.

"फायदं इचाराय आलासा?" ते म्हणाले. "या, बसा. माझ्या घराच्या मागच्या दारातनं नदी दिसती. आनि पाणी कवा घ्यायचं त्ये मला पाटकऱ्याला इचाराय लागतंय. लिवा ह्यो फायदा."

"मग परवा मोटर काढायला सगळ्यांच्या आधी तुम्हीच कसे आलात? अंधार होता म्हणे."

"आता मोटर बुडंल की, वैनी. बगत बसू व्हय?"

"पण संस्था तर तुम्हाला नको आहे."

"संस्था नको. मोटर कशाला बुडवायची? माझीच हाय की ती."

हे मी डावीकडं लिहिलं. मग खोडून उजवीकडं लिहिलं. घराबाहेर पडल्यावर परत खोडलं.

मग किराणा दुकानवाले अण्णा. त्यांच्या घरात कानडी बोलतात आणि गावातल्या सगळ्या बायकांना ते अक्का म्हणतात, माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असले तरी.

"अक्का, फायदा येकच," ते साखर मोजता मोजता म्हणाले. "शिव्या घालाय माणूस जवळ हाय. आदी लाइट गेली की फोन लावायचा. त्यो म्हणणार दुसऱ्याला लावा. दुसरा उचलणार न्हाय. आता काय? पाटकऱ्याच्या दारात जाऊन हुबं ऱ्हायचं आनि जरा मोट्यानं बोलायचं. त्याची आई आतनं ऐकती. मग ती त्याला जेवत्या ताटावरनं उठवती."

मी लिहिलं: तक्रारीची तातडीनं दखल. वाचून दाखवलं.

"ह्ये मी कवा म्हटलं?" अण्णा म्हणाले.

गिरणीवर चार बायका दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. ढग आले होते आणि सोलरची वीज मंदावली होती, म्हणून गिरणी थांबली होती. पूर्वी दुसऱ्या गिरणीवर डबा ठेवून निघून यायचं. इथं ढग जाईपर्यंत बसावं लागतं. मी हे उजवीकडं लिहायला लागले तर त्यांतली एक म्हणाली, "तिकडं कशाला लिवताय? फायद्यात लिवा."

"वेळ जातो तुमचा."

"जाऊ दे की. घरातनं भायेर पडाय दुसरं काय निमित्त हाय? सासूला सांगतो, ढग आलंत."

पाटकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "फायदा तुमाला आसंल. मला चौसष्ट मालक हायत. येक सांगतो पाणी सोड, येक सांगतो बंद कर. दोगंबी मालक."

दोन रविवार फिरले. पानावर सतरा गोष्टी झाल्या. त्यांतल्या अकरा मी दोन्ही बाजूंना लिहून दोन्ही बाजूंना खोडल्या होत्या. फाउंड्रीत एक नट दोन फळ्यांवर असू शकत नाही. इथं जे एकाचं दुखणं तेच दुसऱ्याचं सुख, आणि कधी कधी ते दोघं एकच माणूस. शेवटी मी स्वतःचे सहा मुद्दे लिहिले. वीज दिवसा मिळते. बिघाड झाला तर माणूस गावातच आहे. टोकाच्या शेतालाही पाणी पोचतं. पुरात मोटरा सगळे मिळून काढतात. नफा बाहेर जात नाही. आणि सहावा: प्रत्येक सभासदाला एक मत, शेत कितीही मोठं किंवा लहान असो. हा सहावा मुद्दा मला फार आवडला. मी त्याच्याखाली रेघ ओढली.

कागद द्यायला संस्थेच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरींनी तो वाचला आणि सहाव्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

"वैनी, ह्यात तुमी न्हाय."

"कशात?"

"सभासदात. मतदानाची यादी काढतोय मी. सदतीस नंबर मामांच्या नावावर हाय."

"ते माहीत आहे. वारस म्हणून मीच येते की दरवर्षी."

"मोटर काढाय येताय त्ये बरोबर. त्याला कुणीबी चालतंय. मतदानाला न्हाय चालत. आनि वारस तुमी कशा? वारस तुमचं मालक, तुमचं दीर, तुमची नणंद. तुमी सून."

मी खुर्चीवर बसले. अकरा वर्षं मोटर ओढली, पाळ्यांचं वेळापत्रक लिहिलं, पॅनेलच्या सुट्या भागांची यादी लावली, सभासदांचे फायदे सहा मुद्द्यांत मांडले. आणि ह्या सगळ्यात मी कुठल्या रकान्यात होते, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"मग आता?"

सेक्रेटरींनी जुनं रजिस्टर काढलं. कोपरे वाळवीनं खाल्लेलं. सदतीस नंबरच्या ओळीत सासऱ्यांचं नाव, त्यांची सही आणि शेवटच्या रकान्यात, नॉमिनीच्या जागी, सासूबाईंचं नाव.

"म्हंजे शेअर म्हातारीचा हाय," ते म्हणाले. "मामा गेले त्या दिवसापासनं. त्येंनी अर्ज करून शेअर तुमच्या नावावर केला तर तुमी सभासद."

"पण मग पाळीचा नंबर? नवीन सभासद शेवटी जातो ना?"

"न्हाय, नंबर शेअरचा असतोय."

आतून चेअरमन म्हणाले, "आसं कुटं हाय? नंबर माणसाचा असतोय."

"शेअरचा."

"आपल्या शिवारात एकानं भावाला शेअर दिलता, त्यो गेला की शेवटाला."

"त्यो भांडला म्हणून गेला."

ते दोघं बोलत राहिले. मी अर्जाचा कोरा कागद घेतला आणि बाहेर आले. नवऱ्याला फोन लावला. मागं गर्दीचा आवाज होता.

"नाव कुणाचं का असंना," तो म्हणाला, "पाणी येतंय न्हवं? आज रविवार हाय, पावणं दारात हुबं हायत, ठेव आता."

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. संध्याकाळी त्या पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी अर्ज, पेन आणि शाईचा पॅड घेऊन गेले. त्या सही करतात, पण कधी कधी हात थरथरतो, म्हणून अंगठ्याचीही सोय ठेवली होती.

"आत्ती, मामांचा संस्थेतला शेअर तुमच्या नावावर आहे."

"कवापासनं?"

"मामा गेले तेव्हापासून. अकरा वर्षं झाली."

शेंग हातातच राहिली. "मग अकरा वर्सं मला कुणी बोलीवलं का न्हाय?"

"मला माहीत नव्हतं."

"तुला म्हाईत न्हवतं? तिखटाच्या डब्यातला चमचा कुटं हाय त्येबी तू लिवून ठेवतीस."

मी अर्ज पुढं केला. "इथं सही केली की शेअर माझ्या नावावर होईल. मग मीटिंगला मी मत देईन. आपलं शेत शेवटाला आहे, संस्था राहायला पाहिजे."

"आनि मी?"

"तुम्हाला कशाला त्रास?"

"मोटर वडायचा तरास आसतोय. हात वर कराय कसला तरास?" त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "सभासद हून फायदा काय, त्ये सांग."

मी सहा मुद्दे वाचून दाखवले. तोंडपाठ झाले होते. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पानी मला येतंयच की. पीठबी येतंय. तुलाबी येतंय. नाव नसतानाबी समदं चाललंय. मग तुला नाव कशाला पायजे?"

मी बोलायला तोंड उघडलं. टोकाचं शेत, ऊस, मतदान, असं काहीतरी म्हणणार होते. पण त्या विचारत होत्या ते हे नव्हतं. अकरा वर्षं दुसऱ्याच्या नावाला "हाय" म्हणताना काही कमी पडलं नव्हतं. आता एका कागदावर कळलं तर एवढं का लागलं, हे मला सांगता येईना.

"पायजे," मी एवढंच म्हणाले.

"मग मलाबी त्येच पायजे," आत्ती म्हणाल्या. "मीटिंगला मी येतो. सही मग बगू."

मीटिंग ऑगस्टमध्ये, रविवारी दुपारी शाळेत झाली. पूर उतरला होता, व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर चिखलाची रेघ होती. आत्तींना मी स्कूटरवर मागं बसवून नेलं. इरकल नेसल्या होत्या, चष्मा पुसून घेतला होता. पुढच्या रांगेत बसायचं म्हणाल्या.

त्यांना मत कुणाला द्यायचं हे मी तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा विचारतील तेव्हा हात वर करायचा. ते संस्था चालू ठेवण्यासाठी. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा करायचा नाही.

"मला काय खुळी समजतीस का?" त्या म्हणाल्या.

बसल्या बसल्या मी माणसं मोजली. सवयच आहे, खोलीत शिरले की मोजते. सभासद शेहेचाळीस. शेवटच्या बाकावर मीटिंगची मजा बघणारे आणखी काही होते, त्यांतच सोलर पंप विकणारा एक मनुष्य माहितीपत्रकं घेऊन बसला होता. त्यांना मी धरलं नाही. स्वतःलाही धरलं नाही. पुढच्या रांगेत, आत्तींच्या शेजारी बसूनही.

सेक्रेटरींनी हजेरी घेतली. आधी रजिस्टरातली चौसष्ट नावं. सदतीस नंबरला सासऱ्यांचं नाव आलं आणि सवयीनं मी "हाय" म्हणाले. त्याच वेळी आत्तीही "हाय" म्हणाल्या. मागं हसू फुटलं.

"मामा आज जोडीनं आल्यात," कुणीतरी म्हणालं.

मग सेक्रेटरींनी दुसरा कागद काढला. वारलेल्यांच्या नॉमिनींची नावं त्यांनी वेगळी लिहिली होती. बारा अ, एकोणीस अ, असं करत सदतीस अ. वारलेल्यांची नावं वरच्या यादीतून काढली नव्हती, कारण काढायला ठराव लागतो आणि ठराव मीटिंगमध्येच होतो. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी आत्तींच्या हाताकडं बघत होते.

आत्तींचं नाव आलं. "हाय की," त्या म्हणाल्या. "मगाशी सांगिटलं न्हवं का?"

पाऊण तास बोलणी झाली. नदीकाठचे भाऊजी बोलले. माळाकडचे दोघं बोलले. अण्णांनी उभं राहून पाटकऱ्याच्या आईची तारीफ केली, तीही मागं बसली होती. मग चेअरमन म्हणाले, "आता मतदान. संस्था चालू ठिवायची म्हणणाऱ्यांनी हात वर."

आत्तींचा हात वर गेला. सरळ, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मला सुटल्यासारखं झालं.

"तेहतीस," सेक्रेटरी म्हणाले.

"बंद करून आपापला पंप घ्यायचा म्हणणाऱ्यांनी."

आत्तींचा हात पुन्हा वर गेला.

मी तो खाली ओढला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि परत वर केला.

"सत्तावीस," सेक्रेटरी म्हणाले.

चेअरमन उठले. "तेहतीसला सत्तावीस. संस्था चालू ठिवायचा ठराव मंजूर." टाळ्या सुरू झाल्या. मला टाळी वाजवता येईना. तेहतीस आणि सत्तावीस मिळून साठ.

"माणसं शेहेचाळीस आहेत," मी म्हणाले.

हे मी मुद्दाम म्हणाले नाही. निघून गेलं. स्टोअरमध्ये माल जास्त भरला तरी मी असंच बोलते, कुणाचा फायदा कुणाचा तोटा हे बघायच्या आधी. पण इथं फायदा माझाच होता आणि मी तो माझ्याच तोंडानं घालवला.

टाळ्या थांबल्या. सेक्रेटरींनी मोजलं. शेहेचाळीस. परत मोजलं.

"कुणी दोनदा हात वर केलाय?" चेअरमन म्हणाले. त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. "पावणं, तुमीबी केलता व्हय?"

"नाही हो," पंपवाला म्हणाला. "मी पंखा लावायला सांगत होतो."

"मी केला दोनदा," आत्ती म्हणाल्या.

"का, आक्का?" चेअरमननी विचारलं. ते आत्तींना थोरल्या बहिणीसारखं आक्का म्हणतात.

"दोन नावं घेटलीसा की आमच्या घरची. येक त्येंचं, येक माझं. दोनी टायमाला हाय म्हटलं. मग दोन मतं."

"पण दोनी बाजूला का म्हणून?"

"माझं मत संस्था पायजे. सून म्हणती उसाला पानी लागतंय, माझंबी तेच हाय." त्यांनी चष्मा सारखा केला. "त्येंचं मत तसं न्हवतं. ह्या संस्थेच्या प्रत्येक मीटिंगला त्येंनी इरोधात हात केलाय. पाइपलाइन आमच्या बांधाकडनं न्ह्यायची म्हनत हुते, तुमी न्हेली न्हाय. त्ये आज असते तर बंद करा म्हटलं असतं. मी त्येंचं मत खोटं कसं द्यायचं?"

मग बारा नंबरचा नातू हळूच म्हणाला, "मीबी दोनदा केला. पन दोनीबी येकाच बाजूला केला."

"कुठल्या?"

"त्ये न्हाय सांगणार. गुप्त मतदान हाय."

"हात वर करून गुप्त, लेका?"

त्यानंतर सगळेच एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं आजोबांचं मत धरा, कुणी म्हणालं नातवाचं धरा. एकाचे वडील जिवंत होते, घरी झोपले होते, तोही त्यांच्या नावानं हात वर करून बसला होता. भाऊजी म्हणाले, खरी मतं मोजली तर आमीच जिंकतोय. माळाकडचे म्हणाले, आमी. खरं कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि आजही नाही. चेअरमननी मीटिंग दसऱ्यानंतर पुढं ढकलली.

बाहेर पडताना ते माझ्याजवळ थांबले. "वैनी, जिंकलो हुतो की आपण."

"खोटं होतं ते."

"खोटं न्हवतं. जरा जास्त हुतं." मग म्हणाले, "आता तुमीच करा यादी. कोण हाय, कोण न्हाय, कोण कुणाच्या जागी. घरोघर जाऊन. दसऱ्याच्या आदी पायजे."

भाऊजी माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले. म्हणाले, "तुमी सरळ हायसा." ह्यानं मला जास्तच घोटाळ्यात पाडलं. संस्था मोडली तर माझा ऊस वाळेल, आणि तो वाळावा असं ज्यांना वाटतं त्यांनीच मला सरळ म्हटलं. ज्यांच्या बाजूची मी आहे त्यांनी नमस्कारही केला नाही. आणि मी मुळात कुणाच्याच बाजूची नाही, कारण सभासदच नाही. स्कूटरवर आत्ती मागून म्हणाल्या, "बरी झाली मीटिंग. पुढची कवा हाय?"

यादी मी केली. पाच रकाने: नंबर, रजिस्टरातलं नाव, हयात की नाही, आता सभासद कोण, त्यांचा नॉमिनी कोण. प्रत्येक घरी पाऊण तास तरी जातो. चहा घ्यावा लागतो. मग भिंतीवरच्या फोटोखाली बसून, ह्यांचं नाव काढायचं आहे, असं म्हणावं लागतं. एका घरी म्हातारीनं फोटोला विचारून येते म्हणून सांगितलं आणि आत जाऊन पोहे घेऊन आली. एका घरी तीन भाऊ तीन खोल्यांत राहतात आणि प्रत्येकानं वेगळं नाव सांगितलं, ते मी पेन्सिलनं लिहिलं आहे. अण्णांनी नॉमिनीच्या रकान्यात स्वतःच्या मुलीचं नाव सांगितलं आणि "मुलाला सांगू नका अक्का," म्हणून शेंगदाण्याची पुडी हातात दिली. भाऊजींनी सगळ्यांच्या आधी सगळं भरून दिलं, सहीसकट. संस्था बंद करायची असली तरी यादी बरोबर पाहिजे म्हणाले.

त्रेसष्ट ओळी झाल्या. सेक्रेटरी दोनदा विचारून गेले.

घरी रोज संध्याकाळी कागद घेऊन आत्तींपाशी बसते. तीन गोष्टी हव्या आहेत. मामांचं नाव काढायला त्यांची सही. सभासद म्हणून त्यांचं नाव वर घ्यायला त्यांचीच सही. आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लिहायचं ते. माझ्या नावावर शेअर करायचा अर्ज आता मी पुढं करत नाही. तो वहीत घडी करून ठेवला आहे.

"त्येंचं नाव इतक्यात काडू नगंस," त्या काल म्हणाल्या. "पुढच्या मीटिंगला काय इषय हाय त्ये आदी कळू दे."

"नाव काढल्याशिवाय दुसरं नाव वर घेता येत नाही, आत्ती."

"मग माझंबी ऱ्हाऊ दे खाली. सदतीस अ बरं हाय."

"आणि नॉमिनी?"

त्यांनी कागद जवळ ओढला. मला वाटलं, आता सांगतील. मी पेनचं टोपण काढलं.

"अगं, मी आत्ता कुटं सभासद झालोय," त्या म्हणाल्या. "जरा वापरू दे की मला."

मी टोपण लावलं. गुरुवारी यादी द्यायची आहे आणि सदतीस नंबरची ओळ कोरी आहे.